शिट्टी

चिलोएच्या धक्क्यामागे बार्रिया मास्तरांचं दुकान,
अर्धं लोकरीच्या गाठोड्यांचं, अर्धं रेडिओंचं.
मी तेरा वर्षांचा. सोल्डरिंगचा धूर अजून डोळ्यांत जायचा.

"तार सगळंच घेते," मास्तर म्हणायचे,
"ब्युनॉस आयर्सचा टँगो, मालबोटींची टिकटिक,
कुठल्या तरी डोंगरावर कोसळणाऱ्या विजेची खरखर,
सगळं एका घोटात. तिला नाही म्हणता येत नाही.
नाही म्हणायचं काम पुढच्यांचं."

मग कॉइल दाखवायचे,
आणि पाकळ्या मिटणारा-उघडणारा कंडेन्सर.
"सान्तोसची लांच गेली की खिडकीतली तिसरी काच थरथरते ना?
दुसऱ्या कुठल्या लांचेला नाही थरथरत.
झालं. ट्यूनिंग म्हणजे तेवढंच.
डायल फिरवतोस तेव्हा तू काच बदलत असतोस."

पण थरथर म्हणजे बोलणं नव्हे.
लाट वर जेवढी, खाली तेवढीच,
बेरीज केली तर हाती शून्य.
म्हणून डिटेक्टर खालचा अर्धा सरळ टाकून देतो,
उरलेलं पाखडतो,
लाट फोलपटासारखी उडून जाते
आणि सुपात राहतो माणसाचा आवाज.
मला ते बरेच दिवस पटलं नाही.
इतक्या लांबून जिने वाहून आणलं, तिलाच टाकायचं?
"बटाट्यांसोबत बैलही आणतोस का स्वयंपाकघरात?"
मास्तर म्हणाले, आणि पक्कड मागितली.

दुपारी एक वाजता कास्त्रोहून निरोप.
बेटांवर टेलिफोन नव्हताच.
निवेदिका प्रत्येक निरोप दोनदा वाचायची:
ओतिलिओ मान्सिया, डुक्कर विकलं, गुरुवारी धक्क्यावर घोडा आण.
ओतिलिओ मान्सिया, डुक्कर विकलं.
ऐकायचे सगळेच. पोचायचा एकालाच.

आणि रोज, निरोपांच्या मागून, एक बारीक शिट्टी.
वर चढायची, घसरायची, मग एका जागी बसायची.
"आउदेलिना बसली," मास्तर वैतागून म्हणायचे.
पलीकडच्या बेटावर तिचा एका व्हॉल्व्हचा सेट,
गेलेल्या नवऱ्याने जोडलेला,
आपलाच आवाज पुन्हा आपल्याला पाजून
कुजबुज मोठी करणारा.
बटण केसभर पुढे गेलं
की ऐकता ऐकता तो स्वतःच गुणगुणायला लागायचा,
आणि ती गुणगुण तिच्याच तारेवरून निघून,
खाडी ओलांडून, आमच्या दुकानात.

जूनच्या वादळानंतर मंगळवारी शिट्टी आली नाही.
बुधवारीही नाही.
बुधवारी तिच्या नावाचा निरोप होता.

वल्ही मी मारली. मास्तर बोलले नाहीत.

ती सेटसमोर बसलेली, कानांना हेडफोन.
"हल्ली कुणी काही बोलतच नाही," म्हणाली.
बाहेर सफरचंदाखाली तार चिखलात पडली होती,
तिच्यावरून कोंबड्या चालत होत्या.

मास्तरांनी टोपी काढली
आणि निवेदिकेच्याच सपाट सुरात सांगितलं:
आउदेलिना ग्वेनुमान, नेल्सन या हिवाळ्यात येत नाही.
पैसे सान्तोसजवळ दिलेत.
मग, रीतीप्रमाणे, पुन्हा एकदा.

तिने हेडफोन काढले नव्हते.
"पहिल्यांदाच कळलं होतं," ती म्हणाली.
"दुसऱ्यांदा वाचतात ते ज्याला पटत नाही त्याच्यासाठी."
मग चुलीवर पाणी ठेवायला उठली.

तार मी चढवली. फांदी ओली होती,
दोनदा पाय घसरला.

गुरुवारी एक वाजता
कुणाच्या तरी गव्हाचा निरोप चालू असताना मधेच
शिट्टी.
चढली, घसरली, बसली.
मास्तरांचा हात सवयीने डायलकडे गेला
आणि टेबलावरच्या स्क्रूंमध्ये काहीतरी शोधू लागला.
गहू कुणाचा होता,
त्या दिवशी आम्हाला नीट ऐकू आलं नाही.